उसाच्या मापाची गाडी

"हेच माप व्हय?"

मुबारक मिस्त्रींनी उसाचं टिपरं दोन बोटांत धरून उजेडाकडं उचललं. टिपऱ्याच्या एका टोकाला विळ्याचा तिरका घाव होता. दुसऱ्या टोकाला दात उमटले होते.

मी नवऱ्याकडं बघितलं. नवरा गॅरेजच्या पत्र्याकडं बघत होता.

"अहो, काल दगडाला लावून त्याच्या उंचीएवढं तोडलं तेव्हा हे टिपरं एवढंच होतं?"

"एवढंच म्हणजे... जवळजवळ एवढंच."

"जवळजवळ?"

"अगं, उतरताना घसा कोरडा पडला. एक पेर खाल्लं असंल. फार तर दीड."

मुबारकभाऊंनी टिपरं टेबलावर ठेवलं आणि तोंडात रुमाल कोंबून हसायला लागले. मला मात्र रडावं का ओरडावं कळेना. दिवाळी तोंडावर आलेली, गाडी गॅरेजात उभी, आणि जिच्यावर सगळं ठरायचं ती एकच गोष्ट आमच्या सर्जेरावांनी चावून थुंकून टाकलेली.

आता गाडी कुठली आणि दगड कुठला ते सांगते.

गाडी म्हणजे आमचं पिकअप. आमचं गुऱ्हाळ होतं, अजून आहे, आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, कोल्हापूरच्या बाजारात पोचवायचं काम माझं. गाडी मीच चालवायची. सर्जेरावांच्या हातात स्टेअरिंग दिलं की गाडी आपोआप चहाच्या टपरीकडं वळायची, म्हणून घरानं मिळून घेतलेला तो शहाणा निर्णय होता. माणूस गूळ करण्यात एक नंबर. बाकी मग देवाच्या हवाली.

आणि दगड म्हणजे उंबरवाडीच्या वाटेवरचं कासव. आमच्या गावाच्या वर डोंगरात उंबरवाडी आहे. तिथं जाणारी कच्ची वाट मध्ये एका जागी अशी चिंचोळी होते, की एका बाजूला कडा आणि एका बाजूला दरी. नेमका त्याच जागी वाटेत आडवा एक पाठ फुगवलेला दगड. पुढची चाकं त्याच्यावरून चढून पलीकडं उतरायची आणि गाडीचं पोट दगडावर टेकायचं. मग गाडी ना पुढं, ना मागं. आमची गाडी दोनदा तशी अडकली होती. दगड फोडायला गेलेली माणसं पहारी वाकवून परत आली होती.

त्या कासवापलीकडं माझ्या सासूचा भाऊ राहायचा. धोंडीमामा.

सासूला मी आत्ती म्हणायची, आमच्याकडं तसंच म्हणतात. हौसाबाई तिचं नाव. भावाबहिणीत दोघंच. दर भाऊबीजेला मामा डोंगर उतरून यायचा, पाठीवर फणसाएवढा भोपळा आणि कमरेला मधाची बाटली. मग एका वर्षी तो झाडावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. उंबरवाडीला आजारी माणूस खाली आणायची एकच तऱ्हा. त्याला खाटेवर घालायचं, खाट चौघांनी खांद्यावर घ्यायची आणि डोंगर उतरायचा. मामाला तसाच दवाखान्यात नेला, तसाच परत आणला. घरी पोचल्यावर तो म्हणाला होता, "आता या खाटेवर पुन्यांदा न्हाई. आता चौघांच्या खांद्यावर जायचं ते एकदाच."

झालं. मामा खाली यायचा बंद. आणि आत्तीचे गुडघे असे, की अंगणातून पाण्याच्या हौदापर्यंत जायचं तरी दोनदा बसायची. एका दिवाळीला वाडीची पोरं म्हणाली, "आजी, तुला आम्ही खाटेवरनं वर नेतो." तर त्यांच्यावरच उखडली. "जिती हाय मी अजून. खाट न्या तुमच्या घरला."

भाऊ तसाच आणि बहीण तशीच. एका हट्टाची दोन पोरं.

तीन दिवाळ्या अशा गेल्या. भाऊबीजेला आत्ती तबक तयार करायची. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. शेजारची आनसाबाई म्हणायची, "हौसाबाई, चंद्राला ओवाळा की. ज्यांचा भाऊ येत न्हाई त्या बायका ओवाळतात."

"ज्यांना भाऊ न्हाई त्या ओवाळतात," आत्ती म्हणायची. "माझा भाऊ हाय. तो वर दिवा लावून बसला असंल. मी चंद्राला ओवाळलं तर त्याला मेल्यात जमा केल्यागत हुईल."

आणि ती तबक मांडीवर घेऊन उंबरठ्यात बसायची, डोंगराकडं तोंड करून, निरांजनातलं तूप संपेपर्यंत. मला ते बघवायचं नाही. मी चुलीपाशी जाऊन उगाच भांडी आपटायची.

म्हणून त्या वर्षी मी ठरवलं. दगड फुटत नाही, भाऊ उतरत नाही, बहीण चढत नाही. मग गाडीच उचलायची.

मुबारकभाऊंचं हसू आवरलं तेव्हा त्यांनी टेबलावर सामान मांडलं. गाडी उंच करायची म्हणजे एकच प्रकार असेल असं मला वाटलेलं. तिथं तर साड्यांच्या दुकानासारखं निघालं.

"हे बघा वहिनी, हे लोखंडी ठोकळे. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली सारायचे, लांब बोल्ट टाकायचे, काम झालं. स्वस्तातलं. पण वळणाला गाडी डुलते."

"दरीच्या कडंनं जायचंय मला, मुबारकभाऊ. डुलायला लावता व्हय?"

"मग हे जादा पाटे. गाडी पैलवानागत छाती काढून उभी राहील. माल असला तर काय बिघडत नाही. पण रिकामी असली की हाडं खिळखिळी."

"आत्तीला न्यायचंय. दोन पोती सिमेंट न्हवं."

मुबारकभाऊंनी हात पुसले, कपाटातून एक चकचकीत पुस्तक काढलं आणि पोथी उघडावी तसं उघडलं. "मग हा पुरा सेट. कमानदार नवीन पाटे, लांब शॉकअप, पुढं उंची वाढवायचं सामान आणि मोठे टायर. गाडी उंच पण होते आणि झुल्यागत मऊ पण चालते."

पुस्तकात एक गाडी बर्फात उभी होती आणि तिच्या टायरवर पाय ठेवून एक गोरा माणूस अर्ध्या चड्डीत हसत होता.

सर्जेराव पुस्तकावर वाकले. "वैजू, हीच."

"बर्फात जायचंय का आपल्याला?"

"तसं न्हवं. पण ही गाडी गावात शिरली की कसली दिसंल!"

"तुम्ही गप बसा. तुमचं माप खाऊन झालंय."

मुबारकभाऊ म्हणाले, "वहिनी, याच्यात तीन उंच्या येतात. लहान, मधली आणि मोठी. दगडाची उंची कळली असती तर मी छातीठोक सांगितलं असतं. या टिपऱ्यावरून बघितलं तर लहान पुरतं. आणि सर्जेरावांनी दीड पेर खाल्लं असंल तर मधलं लागंल."

"आणि दोन खाल्ली असतील तर?" मी विचारलं.

सगळ्यांनी सर्जेरावांकडं बघितलं. ते मान खाली घालून म्हणाले, "ऊस लई गोड होता गं."

परत डोंगर चढून माप आणायला वेळ नव्हता. सामान कोल्हापूरहून यायचं, ते आजच सांगायला लागणार होतं. नाहीतर दिवाळीनंतर. मी डोळ्यासमोर ते कासव आणलं, त्यावर टेकलेलं गाडीचं पोट आणलं, आणि उंबरठ्यात बसलेली आत्ती आणली.

"मोठी घ्या," मी म्हटलं. "कमी पडलं तर काय करता येत न्हाई. जास्त झालं तर आत दाबता येतं."

"वहिनी, गाडी म्हणजे पोलकं न्हवं."

"घ्या तुम्ही मोठी!"

पाडव्याच्या दुपारी गाडी घेऊन मी गावात शिरले. आईशप्पत सांगते, एवढ्या उंचावरून मी गाव कधी बघितलं नव्हतं. लोकांच्या परसातली वाळवणं दिसत होती. चावडीपुढची माणसं उठून उभी राहिली. सर्जेराव खिडकीतून हात बाहेर काढून निवडून आल्यासारखे बसले होते. आनसाबाई दारातून ओरडली, "वैजयंता, गाडीनं उंच टाचा घातल्या व्हय गं?"

"आत्तीच्या माहेरी निघालीय, नटायला नको?"

आत्ती करंज्या तळता तळता उठून बाहेर आली. गाडीला कुंकू लावायचं म्हणून तिनं हात वर केला. नेहमी ती बॉनेटवर लावायची. आज तिचा हात पुढच्या दिव्यापर्यंतच पोचला. तिनं दिव्यालाच बोट टेकवलं आणि हसत आत गेली. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी नव्या टायरांकडं बघत बसलेली.

भाऊबीजेला सकाळी आत्ती तयार होऊन बाहेर आली. हिरवं इरकल लुगडं, नाकात नथ, हातात फडक्यानं झाकलेलं तबक. मागून मी करंज्यांचा डबा घेऊन. तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की मी म्हटलं, लग्नात आत्ती अशीच दिसली असेल.

तिनं गाडीच्या दाराला हात घातला. पाय उचलला. पाय पायरीपर्यंत गेलाच नाही. खाली ठेवला, पुन्हा उचलला. गुडघा अर्ध्यात कुरकुरला आणि थांबला.

मी कपाळाला हात लावला. दगडाचं माप घेतलं होतं, टायरचं घेतलं होतं, उसाचं घेतलं होतं. जिच्यासाठी हे सगळं केलं, तिच्या पायाचं माप कुणीच घेतलं नव्हतं.

"थांब आये," सर्जेराव धावले आणि पाट घेऊन आले. पाटावरून जमलं नाही. मग स्टूल आणलं. स्टुलावर चढायला आधी पाट, पाटावर चढायला सर्जेराव. स्टूल डुगडुगलं आणि आत्ती घाबरून उतरली. शेवटी सर्जेरावांनी तिला उचलायला हात पुढं केले, तर तिनं फाडकन त्यांच्या हातावर मारलं.

"गुळाचा रवा हाय व्हय मी? लोक बघाय लागल्यात!"

लोक बघतच होते. अर्धी गल्ली जमली होती. जो तो सल्ला देत होता. आत्ती हळूच मागं सरली, उंबरठ्यात बसली आणि तबकावरचं फडकं नीट करत म्हणाली, "ऱ्हाऊ दे पोरी. तू लई केलंस. दादाला सांग, मी गाडीपर्यंत आले होते."

मला भडभडून आलं. त्याच उंबरठ्यात, त्याच तबकासकट ती बसली होती, आणि यावेळी त्याला कारण माझी गाडी होती. मी रागानं टायरला एक लाथ घातली. टायरला काय होतंय? माझाच अंगठा दुखावला. आणि लंगडत लंगडत मागं वळले तर समोर गाडीचा हौदा दिसला. आम्ही गूळ जिथं भरतो तो.

"अहो," मी म्हटलं, "आपण रवे कसे चढवतो?"

"कसे म्हणजे? गुऱ्हाळाच्या धक्क्यावरनं. गाडी उलटी लावायची आणि..."

सर्जेरावांचं तोंड उघडं राहिलं. मग ते नाचायलाच लागले.

गुऱ्हाळावर आमचा दगडी धक्का आहे. मागच्या बाजूनं उतरता, बैलगाडी चढेल असा, आणि पुढं गाडीच्या हौद्याइतका उंच. आत्तीला काठी टेकत टेकत, दोनदा बसवून आम्ही तिथं नेलं, मागं अख्खी गल्ली. मी गाडी उलटी लावली. हौदा धक्क्यापेक्षा आता वर आला होता, पण सर्जेरावांनी मध्ये गुळाच्या दोन ढेपा ठेवल्या, वर पोतं अंथरलं. आत्तीनं काठी ठेवली, ढेपेवर पाय दिला आणि स्वतःच्या पायांनी हौद्यात गेली. कुणाचा हात धरला नाही.

आत भाताचं पिंजर टाकलं होतं, त्यावर दोन वाकळा. आत्ती मध्यभागी बसली, तबक मांडीत घेतलं आणि गल्लीकडं बघून म्हणाली, "आता बघा किती बघायचंय ते."

सगळी गल्ली टाळ्या पिटायला लागली. सर्जेराव तिच्याशेजारी डबा सांभाळत बसले. मी गाडी काढली.

मुबारकभाऊ खोटं बोलले नव्हते. खड्ड्यांतून गाडी अशी चालली होती, की मागून आत्तीचं बोलणं अखंड ऐकू येत होतं. "ते बघ, तिथं माझी शेरडं चरायची. ते बघ, आंबा अजून हाय. अगं वैजे, सावकाश, झऱ्यावर पाणी पितात जनावरं!" तीन वर्षं कोंडलेली बाई, तिला मोकळ्या हौद्यात बसवल्यावर दुसरं काय होणार? खिडकीशेजारी गुमान बसली असती तर यातलं निम्मंही तिला दिसलं नसतं.

मग कासव आलं.

मी गाडी थांबवली. मागून सर्जेराव म्हणाले, "वैजू, उतरून बघू का?"

"तुम्ही बसा. तुमच्या मापावर माझा विश्वास न्हाई."

पहिला गिअर टाकला. पुढची चाकं दगडावर चढली, नाक आभाळाकडं गेलं. आत्तीचं बोलणं थांबलं. चाकं पलीकडं उतरली. आता पोटाची पाळी. इथंच दोनदा तो आवाज आला होता, लोखंड दगडावर बसल्याचा. मी श्वास धरून वाट बघितली.

आवाज आला नाही. मागची चाकं चढली, उतरली, आणि कासव मागं राहिलं.

मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. आत्ती मागून टपावर हात बडवत होती. "जिकली! माझी सून जिकली!"

उंबरवाडीत गाडी कधी आलीच नव्हती. हॉर्न ऐकून कुत्री, कोंबड्या, माणसं सगळी बाहेर. मामाचं घर पहिलंच. तो अंगणात खाटेवर टेकून बसला होता, पाय पुढं सरळ केलेला, डोक्याला नवा पटका. शेजारी पाटावर पेटलेलं निरांजन. आत्तीचं म्हणणं खरं होतं. तो दिवा लावून बसला होता.

मी गाडी अंगणात उलटी घेतली. सर्जेरावांनी हौद्याचा मागचा फळका पाडला. हौद्यात आत्ती उभी राहिली. खाली खाटेवर मामा. दोघं एकमेकांकडं बघत राहिली.

शेवटी मामाच म्हणाला, "हौसे, एवढ्या उंच कशाला चढलीस?"

"तुला उतरता येईना," आत्ती म्हणाली, "म्हणून मी चढले."

आता प्रश्न उतरायचा. इथं ना धक्का, ना ढेपा. कुणी शिडी आणली, कुणी उखळ गडगडत आणलं. आत्ती वरून नको नको म्हणत होती. एक म्हातारी म्हणाली, वरूनच ओवाळ की. पण भावाला वरून ओवाळायचं म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या पटक्याला ओवाळायचं. निरांजन वाऱ्यानं फडफडत होतं.

आणि मामा ओरडला, "अरे, बघताय काय? उचला मला!"

वाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं मामा काय बोलून बसला होता. त्याचा थोरला मुलगा चाचरत म्हणाला, "आबा, खाट? तुम्हीच तर म्हणाला होता..."

"म्हणालो होतो. आजाऱ्याची खाट उचलतात, मेलेल्याची उचलतात. आज भावाची उचला. चला!"

चार गडी पुढं झाले. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या खाटा वाहून तयार झालेली. एकानं हाक दिली, चौघांनी खाटेचे पाय धरले आणि खाट खांद्यावर गेली, मामाच्या पटक्याचं टोकसुद्धा हललं नाही. खाट घेऊन ते चौघं गाडीच्या मागं आले.

आणि बरोब्बर बसली. खाट आणि गाडीचा हौदा एका पातळीत. आत्ती वाकळेवर बसली तर समोर मामाचं तोंड, हातभर अंतरावर. ना वर बघायला लागलं, ना खाली.

आत्तीनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. अक्षता लावल्या. ओवाळलं. एकदा ओवाळलं, मग पुन्हा ओवाळलं, मग आणखी. मामा म्हणाला, "बास की गं." ती म्हणाली, "गप बस. तीन वरसांचं राहिलंय." मग दोघं अशी हसायला लागली, की खाट खांद्यांवर हिंदकळली. चौघं गडीही हसत होते आणि रडत होते. खाटेखाली अशी तोंडं वाडीनं कधी बघितली नव्हती. सर्जेराव एका कोपऱ्यात उपरण्यानं नाक पुसत करंज्या खात होते. मी स्टेअरिंगवर डोकं टेकवून पोटभर रडले. एवढ्या आनंदानं मी आयुष्यात परत कधी रडले नाही.

त्याच दुपारी वाडीच्या पोरांनी अंगणात दगडांचा धक्का रचला, हौद्याइतका. आत्ती त्यावरून स्वतःच्या पायांनी उतरली आणि मुक्कामाला राहिली. पुढं ती दोघं होती तोवर दर दिवाळीला गाडी त्या धक्क्याला लागली.

सर्जेरावांना आत्तीसोबत ठेवून मी एकटीच खाली आले, तर दारात मुबारकभाऊ. फराळाला बोलावलं होतं, ते मी विसरूनच गेले होते. आमची सकाळची फजिती त्यांच्या कानावर आली होती. बिचारे ओशाळून उभे होते.

"वहिनी, माझं चुकलं. मी अडवायला हवं होतं तुम्हाला. गाडी जास्तच उंच झाली. उद्या आणा, एक बोट खाली घेतो."

"हात लावाल तर बघा," मी म्हटलं. "मिस्त्री, गाडी अगदी मापात बसलीय."